‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ पुन्हा पाहिला. आईसोबत बघायला जुने चित्रपट सुचवा

सांजवेळ | रविवार, रात्री 10:15

काल संध्याकाळी आईला ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ लावून दिला. माझी तिसरी वेळ, तिची पहिली. परेश मोकाशींचा हा पहिलाच चित्रपट, 2009 चा. त्या वर्षी भारताकडून ऑस्करला पाठवला गेला होता, हे इथल्या बहुतेकांना आठवत असेल. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ कसा उभा केला, एवढीच गोष्ट. गिरगावात तंबूत येशू ख्रिस्ताचा चित्रपट बघितला, डोक्यात किडा शिरला, घरातलं किडूकमिडूक विकलं, विमा गहाण टाकला, 1912 साली लंडनला जाऊन कॅमेरा आणला आणि 3 मे 1913 ला कोरोनेशनमध्ये चित्रपट लागला. नंदू माधव यांनी फाळके असे काही केलेत की खऱ्या फाळक्यांचा फोटो बघितला तरी मला आता त्यांचाच चेहरा दिसतो.

पण हा धागा आईमुळे काढतेय.

आमचा छोटा छापखाना होता. ट्रेडल मशीन (पायाने चालवायचं छपाईयंत्र) बाबा चालवायचे आणि खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, आई जुळवायची. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, सहामाहीच्या प्रश्नपत्रिका. दुपारी स्वयंपाकघर आवरून ती खिळ्यांच्या केससमोर (प्रत्येक अक्षराचं वेगळं घर असलेल्या पेटीसमोर) उभी राहायची ती दिवेलागणीपर्यंत. तिच्या उजव्या हाताच्या अंगठ्याच्या नखाखालची शाई कधी गेलीच नाही, अगदी माझ्या लग्नातही होती. दुकानाच्या पाटीवर बाबांचं नाव होतं. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही.

तर चित्रपटात सरस्वतीबाई (विभावरी देशपांडे, काय सुरेख काम आहे) अंधारात बसून फिल्मच्या कडेला भोकं पाडतात, तो प्रसंग आला. आई एकदम ताठ बसली. म्हणाली, “जरा मागे घे.” परत बघितलं. मग म्हणाली, “ही पोरांना जेवायला घालून आलीये बघ.”

चित्रपट संपल्यावर तिने विचारलं, असे अजून आहेत का? म्हणजे मोठ्या माणसाची गोष्ट आहे, पण त्याचं काम प्रत्यक्ष दिसतंय आणि घरही दिसतंय. नुसती भाषणं आणि हारतुरे नकोत. तिचं वय 76, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, दोन तास बसू शकते. जुने, कृष्णधवल असले तर तिला जास्त आवडतात. काय काय दाखवू?

---

त्र्यंबकचा पाऊस | रविवार, रात्री 11:02

काय सुंदर लिहिलंय. मी नाशिकचा. फाळके आमच्या त्र्यंबकेश्वरचे, 30 एप्रिल 1870 चा जन्म. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, लहानपणी आमची सहल दरवर्षी तिथे जायची आणि आम्ही कारंजी बघून परत यायचो. फाळके कोण हे मला खऱ्या अर्थाने या चित्रपटाने कळलं.

सरस्वतीबाईंबद्दल: साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्या करायच्या. शूटिंगच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहायच्या, उजेड परतवायला. रसायनं कालवायच्या, फिल्म धुवायच्या. हे सगळं दिवसभराचं काम, आणि भोकं रात्री.

तुमच्या छापखान्यावरून आठवलं, फाळकेही आधी छपाईतलेच. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले, राजा रविवर्म्याच्या प्रेससाठी शिळाछाप केलं, मग स्वतःचा छापखाना काढला, जर्मनीहून मशीन आणलं, भागीदाराशी बिनसलं आणि सोडलं. ‘राजा हरिश्चंद्र’ची जी रिळं उरली आहेत, त्यातला पहिलाच प्रसंग बघा. राजा मुलाला धनुष्यबाण शिकवतोय, राणी शेजारी. अगदी भिंतीवरच्या तसबिरीतून उतरल्यासारखी मांडणी आहे. छपाईवाल्याचा डोळा आहे तो. आईंना नक्की दाखवा, त्यांना कळेल.

(उरलेली रिळं 1913 ची की फाळक्यांनी 1917 मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांत वाद आहे. आपल्याला बघायला त्याने फरक पडत नाही.)

---

रिळवाला | सोमवार, सकाळी 6:50

मी 31 वर्षं सांगली जिल्ह्यात एका टॉकीजमध्ये प्रोजेक्टर चालवणारा ऑपरेटर होतो. आता टॉकीज नाही, तिथे मंगल कार्यालय आहे. टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या.

त्या भोकांबद्दल सांगतो, कारण ज्याने फिल्म हातात धरली नाही त्याला तो प्रसंग नुसता गोड वाटतो.

35 मिलिमीटरच्या फिल्मला एका फुटात 16 चौकटी बसतात. प्रत्येक चौकटीला डाव्या कडेला चार भोकं, उजव्या कडेला चार. म्हणजे फुटाला 128. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी होती 3,700 फूट. गुणाकार करा, 4,73,600 होतात. पावणेपाच लाख भोकं, आणि ही फक्त पडद्यावर दिसलेल्या लांबीची. वाया गेलेली, परत घेतलेली वेगळी. भोकं पाडायचं यंत्र होतं, सुईने नाही केलं, पण यंत्रात फिल्म सरळ धरायची ती हातानेच, आणि अंधारात. उजेड लागला की कच्ची फिल्म बाद. आणि भोक केसभर जरी सरकलं तरी कॅमेऱ्यातले दाते ते धरत नाहीत, फिल्म एक तर फाटते नाही तर चित्र पडद्यावर उड्या मारतं.

आमच्याकडे जुन्या प्रिंटा यायच्या त्यांची भोकं फाटलेली असायची. शो सुरू व्हायच्या आधी मी अख्खं रीळ रिवाइंडरवर हाताने फिरवायचो, फिल्मच्या दोन्ही कडा चिमटीत धरून. डोळे मिटून. बोटाला खरखर लागली की थांबायचं, तेवढा तुकडा कापायचा, एका टोकावरचा मसाला (चित्राचा थर) ब्लेडने खरवडायचा, सिमेंट लावायचं, दाबून धरायचं, वीस आकडे मोजायचे. 31 वर्षांत माझ्या चिमटीची कातडी टणक झाली ती अजून तशीच आहे. म्हणून तुमच्या आईच्या नखाखालची शाई वाचली आणि थांबलो.

सरस्वतीबाईंचं काम पहिल्याच चित्रपटात पडद्यावर थरथरलं नाही. बाईंनी ते कुठे शिकलं असेल? घरातच, फाळक्यांकडून, आणि ते स्वतःच लंडनहून नुकते शिकून आलेले.

आईंना दाखवायला माझ्याकडून एकच: ‘संत तुकाराम’. 1936, प्रभात, दामले-फत्तेलाल. आमच्या टॉकीजला आषाढीच्या आठवड्यात तो ठरलेला असायचा. लोक चपला बाहेर काढून आत यायचे. व्हेनिसच्या महोत्सवात 1937 साली त्याचा गौरव झाला हे पुष्कळ लोक सांगतात, पण खरी गोष्ट जिजाईची आहे. गौरीबाईंनी केलेली. तुकोबा भजनात, आणि घरात पीठ नाही. पोर तापाने फणफणलंय तेव्हा ती थेट देवळात जाते आणि विठ्ठलावर पायताण उगारते. त्या क्षणाला आमच्याकडे बाया रडायच्या. विमानाला नाही, पायताणाला.

---

सांजवेळ | सोमवार, सकाळी 9:20

रिळवाला काका, तुमचा प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवला. ‘डोळे मिटून’ या शब्दावर तिने मान हलवली. म्हणाली, खिळेही न बघताच उचलायचे असतात, बघत बसलं तर दिवसाला एक पानसुद्धा व्हायचं नाही.

‘संत तुकाराम’ आज रात्रीच.

---

मुक्तछंद | सोमवार, दुपारी 1:40

थोडा वेगळा सूर लावतो. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ मला आवडला, पण पूर्ण पटला नाही. सगळंच इतकं हसतखेळत. डोळे जातात, तरी हसतखेळत. सामान विकलं जातं, तरी तेच. आणि यशाच्या टप्प्यावर गोष्ट थांबते. पुढचं आयुष्य? 1918 मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी, भागीदारांशी मतभेद, राजीनामा, काशीला जाऊन ‘रंगभूमी’ नाटक लिहिणं, परत येणं, मग बोलपट आले आणि मूकपटांचं जगच बुडालं. 1937 चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकुलता एक बोलपट. 16 फेब्रुवारी 1944 ला नाशिकला गेले तेव्हा चित्रपटसृष्टीचं त्यांच्याकडे कितीसं लक्ष होतं? त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू व्हायला 1969 उजाडलं. चरित्रपट म्हटला की हेही यायला हवं. अर्ध्या आयुष्याला पूर्ण कसं म्हणायचं?

---

कऱ्हाकाठ | सोमवार, दुपारी 3:05

मुक्तछंद, मुद्दा समजला, पण मी मोकाशींच्या बाजूने. फाळके स्वतः जादूचे प्रयोग करायचे. नाव उलटं करून ‘प्रोफेसर केल्फा’. चित्रपटाची सुरुवातच तिथून आहे. माणूस जसा होता तसा सूर लावलाय. फाळक्यांनी ‘नवयुग’ मासिकात आपले अनुभव लिहिले आहेत, ते वाचा. ख्रिस्ताचा चित्रपट डोळ्यांपुढून सरकत असताना मनात मात्र राम आणि कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या दिसत होती, असं ते सांगतात. तो माणूस कण्हणारा नाहीच.

आणि हसण्यातूनच केवढं सांगितलंय. बायकांची कामं करायला बाई मिळत नाही, म्हणून पुरुष घेतले. तर ते मिशी काढायला तयार नाहीत, वडील जिवंत असताना मिशी कशी काढायची! या एका प्रसंगात 1913 ची अख्खी मुंबई आली. तारामती झालेले अण्णा साळुंके मुळात खाणावळीत आचारी होते. पुढे ‘लंकादहन’मध्ये तेच राम आणि तेच सीता. आणि त्याच 1913 च्या अखेरीस ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई कॅमेऱ्यासमोर आल्या. याच कमलाबाई म्हणजे विक्रम गोखल्यांच्या आजी.

माझ्या मते उतरतीचा काळ हा दुसऱ्या चित्रपटाचा विषय आहे आणि तो कुणीतरी करायला हवा. मी पहिल्या दिवशी तिकीट काढीन.

सूचना: ‘महात्मा फुले’, 1954. आचार्य अत्रे. आदल्या वर्षीच्या ‘श्यामची आई’ला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, त्या प्रकाशात हा जरा झाकोळला गेला, पण आईंच्या प्रश्नाला हेच खरं उत्तर आहे. बाबूराव पेंढारकर जोतीराव, सुलोचनाबाई सावित्रीबाई. इथे बायको नुसती पाठीशी उभी नाही, शाळा तीही चालवतेय.

---

वऱ्हाडी पाहुणा | सोमवार, रात्री 8:30

आमच्या अमरावतीकडचा एक सांगतो, कोणीच नाव नाही घेतलं म्हणून. ‘देवकीनंदन गोपाला’, 1977, राजदत्त यांचा. गाडगेबाबांवर. डॉ. श्रीराम लागू गाडगेबाबा झाले आहेत.

माझी आजी शेंडगावच्या जवळची, बाबांचा जन्म तिथला. तिने बाबांचं कीर्तन ऐकलं होतं. टीव्हीवर हा लागला तेव्हा ती पाटावर बसून बघत होती. लागू खराटा घेऊन गाव झाडायला लागले तसं ती म्हणे, “असाच वाकत होता बाबा. कंबरेतून नाही, गुडघ्यातून.” नटाने नुसती गोधडी नेसली नव्हती, झाडायची रीत उचलली होती. तुमच्या आईले काम दिसाले पाहिजे म्हणता ना? याच्यात झाडणं दिसते. आधी गाव झाडायचं, मग कीर्तन.

---

अबोली | सोमवार, रात्री 9:15

मडगावहून. सांजवेळताई, आईंना ‘भूमिका’ चालेल का बघा. हिंदी आहे, 1977, श्याम बेनेगल. अभिनेत्री हंसा वाडकरांच्या आत्मकथनावर बेतलेला. त्यांनी आपलं आयुष्य अरुण साधूंना सांगितलं आणि साधूंनी ते शब्दांत उतरवलं. त्या पुस्तकाचं नाव ‘सांगत्ये ऐका’, त्यांच्याच गाजलेल्या चित्रपटावरून. नाव बदललंय, नायिका उषा आहे, पण स्मिता पाटील ज्या तऱ्हेने स्टुडिओतून घरी येऊन चपला काढते ना, त्यात सगळं आहे. घर तिच्या कमाईवर चाललंय आणि घरातच तिला जागा नाही.

इथे आईंचा प्रश्न उलटा होतो. मोठं काम बाईचं आहे. मग घर काय करतं? अमोल पालेकरांचा नवरा बघा, सालस चेहऱ्याचा माणूस किती जाच करू शकतो ते. मला हा चित्रपट बघून दोन दिवस झोप लागली नव्हती. म्हणून एकदम लावू नका, आधी तुम्ही बघा.

मागोमाग खऱ्या हंसाबाईंना बघा: ‘लोकशाहीर राम जोशी’, 1947. तोही चरित्रपटच, शाहिराचा. जयराम शिलेदार राम जोशी. सवाल-जवाब ऐकताना माझे बाबा अजून मांडीवर ठेका धरतात.

---

रिळवाला | मंगळवार, सकाळी 6:35

अबोलीताई, ‘सांगत्ये ऐका’ 1959 चा, अनंत माने. पुण्यात विजयानंदला 131 आठवडे चालला. आमच्या गावात आला तेव्हा मी शाळकरी होतो, तंबूत बघितला होता.

तुम्ही म्हणालात ती जोडी मला फार पटली. आधी त्या माणसावरचा चित्रपट, मग त्या माणसाने स्वतः केलेलं काम. सगळ्यांनी असंच बघावं असं मला वाटतं. नाहीतर आपल्याला नट आठवतो आणि मूळ माणूस पुसला जातो.

---

कऱ्हाकाठ | मंगळवार, सकाळी 10:10

+1. मग जोड्या लावूया का?

‘बालगंधर्व’ (2011, रवी जाधव, सुबोध भावे) बघितलात तर ‘धर्मात्मा’ (1935) बघा. शांतारामबापूंनी नारायणरावांना, म्हणजे खुद्द बालगंधर्वांना, संत एकनाथ केलं. ज्यांना महाराष्ट्राने आयुष्यभर शालूत बघितलं ते पुरुषाच्या वेषात. लोकांना रुचलं नाही म्हणतात. मला तो चेहरा बघताना गलबलून येतं.

पु. लं.वरचा ‘भाई’ (2019) बघितलात तर ‘गुळाचा गणपती’ (1953). कथा, पटकथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि मुख्य भूमिका, सगळं पु. लं.चं. आणि त्यातच ‘इंद्रायणी काठी’, भीमसेनजींच्या आवाजात. ‘भाई’मध्ये सुनीताबाईंचे प्रसंग मला फाळक्यांच्या घरातल्या प्रसंगांइतके खरे नाही वाटले, हे स्पष्ट सांगतो.

‘मी वसंतराव’ची जोडी मात्र मला सापडेना. त्यात नातवानेच आजोबा केलेत आणि गायलेही त्यानेच आहेत, त्यामुळे तो प्रश्नच वेगळा. त्या चित्रपटात वसंतरावांची आई आहे, एकटीने मुलाला वाढवणारी. सांजवेळ, तो आईंना दाखवाच. रंगीत आहे, पण दाखवा.

---

जर्सीतला मी | मंगळवार, दुपारी 12:25

न्यू जर्सीहून. ‘आनंदी गोपाळ’ (2019, समीर विद्वांस) कुणी सांगितला नाही म्हणून लिहितो.

आनंदीबाई 1883 मध्ये अमेरिकेत आल्या त्या याच राज्यात, रोझेल गावी कार्पेंटर कुटुंबाकडे. माझ्या घरापासून गाडीने 20 मिनिटं. मग फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजमधून मार्च 1886 मध्ये पदवी. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत पुण्यात गेल्या, 22 व्या वर्षाच्या आत. त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या आणि त्या न्यूयॉर्क राज्यात पकीप्सी इथे त्या कुटुंबाच्या जागेत पुरल्या आहेत.

चित्रपट बघून आल्यावर त्याच महिन्यात मी आणि बायको तिथे गेलो. अजून बर्फ होतं. दगड साधा आहे, आजूबाजूच्या कार्पेंटर मंडळींच्या दगडांसारखाच. नावाची अक्षरं बर्फाने भरली होती, ती बायकोने हातमोजा काढून नखाने मोकळी केली. आम्ही काही बोललो नाही. सोबत चाफा वगैरे कुठून असणार, डब्यात पोळी-भाजी होती ती तिथेच गाडीत बसून खाल्ली.

चित्रपटात गोपाळराव शिकवतात ते प्रेमाने आणि मारूनही. दोन्ही दाखवलंय हे मला मोलाचं वाटलं. ललित प्रभाकरने गोपाळरावांना गोड केलं नाही. पण फिलाडेल्फियातलं तिचं एकटेपण घाईत उरकलंय. तिथल्या थंडीत, साडीत, शाकाहारी राहून ती तीन वर्षं जगली आणि तब्येत तिथेच ढासळली. मला त्यावर अर्धा तास अजून हवा होता.

---

मुक्तछंद | मंगळवार, दुपारी 2:50

जर्सीतले, तुमचा प्रतिसाद फार आवडला.

कऱ्हाकाठ, तुमचं म्हणणं रात्री विचार करून निम्मं मान्य. परत बघितला. एक गोष्ट आधी निसटली होती. मटारचा दाणा पेरून त्याचं रोप कसं वाढतं ते फाळके कॅमेऱ्याने टिपतात, आणि ती फिल्म दाखवल्यावर भांडवल मिळतं. दिवसेंदिवस एका कुंडीसमोर कॅमेरा. हा माणूस हसतखेळत असला तरी त्याचा धीर गमतीचा नव्हता. मी वरवर बघितला होता.

सूचना माझ्याकडूनही: जब्बार पटेलांचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ (2000). मूळ इंग्रजी, मामुट्टींना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सोनाली कुलकर्णींची रमाई बघा. बाबासाहेब परदेशात अभ्यास करताहेत आणि इकडे ती घर ओढतेय. चित्रपट लांब आहे, आईंना दोन दिवसांत विभागून दाखवा.

आणि सांजवेळ, कधी तरी ‘कुंकू’ (1937) लावा. चरित्रपट नाही. पण शांता आपट्यांची नीरा म्हाताऱ्या नवऱ्याच्या घरात जाऊन ज्या ठामपणे उभी राहते, ते आईंच्या पिढीने बघितलंच असेल. पुन्हा बघतील. त्यात पार्श्वसंगीत नाही, घड्याळ, पावलं, भांडी यांचेच आवाज. 1937 साली!

---

त्र्यंबकचा पाऊस | मंगळवार, रात्री 10:40

जोड्यांमध्ये पहिली तर राहूनच गेली! फॅक्टरी बघितली की ‘कालिया मर्दन’ बघायचा. 1919, फाळके. तो बराचसा शिल्लक आहे आणि इंटरनेटवर सापडतो. कृष्ण झालीये फाळक्यांची मुलगी मंदाकिनी, सात वर्षांची. सुरुवातीला फाळके तिला मुलगी म्हणूनच दाखवतात, तिच्या चेहऱ्यावरचे भाव एकामागून एक. मग तीच कृष्ण होते. बाप कॅमेऱ्यामागे आणि लेक समोर. मला वाटतं, त्या घरात चित्रपट म्हणजे काय होतं ते त्या दोन मिनिटांत कळतं.

बाकी, प्रभातच्या कितीतरी जुन्या नायट्रेट (चटकन पेट घेणाऱ्या) फिल्म 2003 च्या जानेवारीत पुण्यातल्या आगीत गेल्या. जे उरलंय ते बघून घ्यावं, असं मला सारखं वाटत राहतं.

---

रिळवाला | बुधवार, सकाळी 6:45

नायट्रेट फिल्म पाण्याखालीही जळते. आमचे उस्ताद सांगायचे, बूथमध्ये विडी ओढलीस तर तंगडी तोडीन. बरीच जुनी रिळं तर आगीतसुद्धा गेली नाहीत, त्यातली चांदी काढायला भंगारात वितळवली. मी लहान असताना आमच्या गावच्या कासाराकडे फिल्मची वेटोळी पडलेली बघितली आहेत. बांगड्यांच्या पेट्यांना बांधायला वापरायचा. त्यावर कुणाचा चेहरा होता ते उजेडात धरून बघायचो आम्ही पोरं.

---

सांजवेळ | गुरुवार, रात्री 11:10

सगळ्यांना उत्तर द्यायला दोन दिवस लागले, कारण आम्ही बघत होतो.

‘संत तुकाराम’ सोमवारी झाला. जिजाईच्या पायताणाला आई रडली नाही, हसली. मोकळं हसली. मग बराच वेळ गप्प.

काल ‘कालिया मर्दन’. आधी तिने मला आवाज वाढवायला सांगितला. मूकपट आहे म्हटल्यावर “अगं हो” म्हणाली आणि खुर्ची पुढे ओढली. मंदाकिनीचा चेहरा आला. रागावली, हसली, घाबरली. आईने विचारलं, “ही फाळक्यांची?” मी हो म्हटलं. “मग हिची वेणी सरस्वतीबाईंनीच घातली असणार.” आणि पुढचा अर्धा तास ती सापाकडे नाही, त्या मुलीच्या कपड्यांकडे, केसांकडे, दागिन्यांकडे बघत होती. पाण्यातल्या प्रसंगात म्हणाली, “पोर गारठली असेल, कुणीतरी टॉवेल घेऊन उभं असेल बघ बाजूला, दिसत नाहीये.”

आज सकाळी मला माळ्यावर चढवलं. छापखाना विकला तेव्हा खिळ्यांची एक केस तिने ठेवून घेतली होती, हे मला माहीतच नव्हतं. वर्तमानपत्रात गुंडाळलेली, वर धुळीचा थर. तिने ती ओट्यावर ठेवली, ओल्या फडक्याने पुसली, कंपोझिंग स्टिक (खिळे ओळीत लावायची पट्टी) डाव्या हातात धरली आणि उजव्या हाताने खिळे उचलायला लागली. 19 वर्षांनी. खरंच बघत नव्हती. बोटं घरात जायची आणि खिळा घेऊन यायची. दोनदा चुकली, परत टाकला.

‘सरस्वतीबाई फा’ पर्यंत जुळलं. ळ चं घर रिकामं होतं. सगळी केस उपसली, एकही ळ नाही. ती जुळलेली ओळ अजून ओट्यावर आहे, शेवटी बोटभर जागा सोडलेली.

रिळवाला काका, तुमच्याकडे किंवा ओळखीत कुणाकडे जुने खिळे असतील तर सांगाल का? 16 पॉइंट मापाचा, साधा ळ. एक पुरे. अबोली, ‘भूमिका’ मी एकटीने बघितला, तू म्हणालीस ते खरं आहे, आईला सध्या नाही दाखवणार. शनिवारी ‘महात्मा फुले’ लावतोय.

---

रिळवाला | शुक्रवार, सकाळी 6:20

मिरजेत माझ्या एका मित्राच्या मुलाकडे बापाचा छापखाना तसाच आहे, बंद. आज दुपारी जातो. ळ सोबत क चाही बघतो, क पटकन झिजतो.